पुतण्याचं दुसरं जाकीट

आमच्या दुकानात दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला खून व्हायचा आणि साडेआठच्या आत मी खुनी धरलेला असायचा. तीन वर्षं हे चाललं. एकदाही माझं चुकलं नाही.

खून टीव्हीवरचा. त्या मालिकेतला गुप्तहेर मूळचा दातांचा डॉक्टर. कुठे मुडदा पडला की पोलीस याला बोलावतात आणि हा बाबा येऊन प्रत्येकाला म्हणतो, "आ करा." जीभ खोटं बोलते, दात बोलत नाहीत, हे त्याचं पालुपद. अंगात अकरा खिशांचा कोट. एका खिशात आरसा, एकात चिमटा, एकात काडेपेटी आणि काडेपेटीत गोगलगाय. अडलं की तो त्या गोगलगायीला विचारतो. लोक त्याला हसतात, आणि शेवटी तो लोकांना हसतो. सगळे त्याला दातवाला म्हणतात.

तो अकरा खिशांचा कोट आमचा. मी बेतला, माझ्या थोरल्याने शिवला आणि काजं केली माझ्या मुलीने. तो एकच नाही, त्या मालिकेतला कपडा न् कपडा आमच्याच दुकानातून जायचा. मालिकेचा कपडेपट सांभाळणारे एक गृहस्थ, आम्ही त्यांना कपडेपटवाले म्हणतो, दर शनिवारी मापांची यादी आणून द्यायचे, बुधवारी कपडे न्यायचे आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी तेच कपडे टीव्हीवर हिंडताना दिसायचे.

गुरुवारी आम्ही साडेसातला मशीन बंद करायचो. कापायच्या टेबलाभोवती सगळे बसायचे. मी टोकाच्या खुर्चीत. थोरला आणि त्याची बायको एका बाजूला, मुलगी दुसऱ्या बाजूला, तिच्याशेजारी पलीकडच्या दुकानातला चष्मेवाला. त्याच्या घरी टीव्ही आहे, पण त्याला आमच्यातच बघायचा असतो. शेवटच्या जाहिराती लागल्या की प्रत्येकाने कपडा आखायचा खडू घ्यायचा आणि आपल्यासमोर टेबलावर खुन्याचं नाव लिहायचं. एकमेकांचं बघायचं नाही. मग जाहिराती संपायच्या, दातवाला कुणाच्या तरी तोंडात आरसा घालायचा आणि माझं बरोबर निघायचं.

सून नेहमी दिसायला बरा असेल त्याचं नाव लिहायची. थोरला लिहायचा, "पोलीस." त्याला कथा कळायचीच नाही. तो कापड बघतो, माणूस बघत नाही. चष्मेवाला बिचारा विचार करकरून लिहायचा.

"आजी, तुम्हाला दिसतं कसं हो?" तो दर वेळी विचारायचा.

"तुझ्याकडून चष्मा घेतला नाही म्हणून," मी म्हणायची.

सगळे हसायचे. मग आठवडाभर गल्लीत माझा शब्द. कुणाची अंगठी हरवली, कुणाच्या पोराने खोटं सांगितलं, की ती माणसं आमच्या दुकानाच्या पायरीवर. मी नुसतं बघितलं तरी पोरं कबूल व्हायची.

आता खरं काय ते सांगते. दातवाल्याच्या मालिकेत खुनी कधी मुकाट्याने हातकड्या घालून घेत नाही. तो पळतो, चिखलात पडतो, तळ्यात पडतो, खिडकीच्या काचेतून जातो. ते एकदा बिनसलं तर पुन्हा चित्रित करावं लागतं, म्हणून त्याच्या कपड्यांचा जोड लागतो. बाकी सगळ्यांचा एकेक, खुन्याचे दोन. मरतो त्याचेही दोन, पण तो पहिल्या पाच मिनिटांतच आडवा झालेला असतो. यादी माझ्या हातात यायची. तीत ज्याच्यापुढे दोनचा आकडा, तो खुनी. गोगलगायीला विचारायची गरज नाही.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझी समजूत अशी, की कुणाला ठाऊक नाही.

मुलीला आम्ही सुई म्हणतो. बारीक, ताठ आणि बोलली तर टोचणारी. वय चौतीस. लग्न झालं नाही. दोनदा जमत आलं होतं, पण दोन्ही वेळा हंगामाचे दिवस होते, दुकानात हात कमी होते, मी जरा थांबा म्हटलं आणि ते थांबले नाहीत. तिचं काज म्हणजे काय सांगावं. उजेडासमोर धरलं तर धागा दिसायचा नाही, नुसती कड दिसायची. शिकवलं मीच. माझ्या बोटांचे सांधे धरले तेव्हापासून सगळी काजं तिच्याकडे.

एका शुक्रवारी कपडेपटवाले आले ते हातात यादी नसताना आले. खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "मावशी, एक मागणं आहे. दुसऱ्या शहरात आमची नवी मालिका सुरू होतेय. मोठी आहे. तिथला सगळा कपडेपट सांभाळायला विश्वासाचं माणूस हवंय. सुईताईंना पाठवाल का? राहायला खोली आहे, हाताखाली चार माणसं आहेत."

सुई पलीकडे बाहीला काज करत होती. तिचा हात थांबला. एवढंच.

"मी कोण अडवणारी?" मी हसून म्हटलं. "पोरीचं भलं होत असेल तर मी का आड येऊ?" ज्याच्याकडून काम येतं त्याला तोंडावर नाही म्हणायला मी काही खुळी नाही.

"पंधरा दिवसांत कळवा," म्हणाले आणि गेले.

ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी थांबले. मग म्हटलं, "जायचंय?"

"जायचंय," सुई म्हणाली.

"इथे काय कमी आहे?"

"आई, मी मोजत बसले तर तुला आवडणार नाही."

सुनेने मान खाली घातली. ती हसतेय हे तिच्या खांद्यांवरून दिसत होतं. मी तिला आत हाकललं.

मला भांडायचं नव्हतं. भांडून ठेवलेलं माणूस काम नीट करत नाही. आपण होऊन राहिलं पाहिजे, तेही आपली चूक समजून. मी म्हटलं, "असं करू. येत्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारच्या भागावर ठरवू. तू खुनी बरोबर ओळखलास तर जा, मी स्वतः तुझी पेटी भरून देते. चुकलीस तर राहायचं, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. एवढ्या लांब एकटी राहणार, चार माणसं सांभाळणार, तर माणसाची पारख हवी. तीन वर्षांत तुला एकदा तरी जमलंय?"

"चालेल," ती म्हणाली आणि दाताने धागा तोडला.

मान वरही केली नाही. "चालेल" असं, जसं कुणी विचारावं की खिडकी लावू का.

ते मला लागलं. खाली बसले आणि विचार करायला लागले. थोरला एवढा मठ्ठ, पण "पोलीस" लिहून लिहून त्याचं तीनदा बरोबर आलेलं. सुनेचं निम्म्या वेळा बरोबर, कारण हल्ली देखणेच खून करतात. चष्मेवाल्याचं सात-आठदा. आणि सुई? तीन वर्षांत एकदाही नाही. चार-पाच नावांतलं एक लिहायचं तर आंधळ्याचाही कधीतरी नेम लागतो. कधीच लागू द्यायचा नसेल तर आधी बरोबर नाव माहीत असावं लागतं.

प्रत्येक कपड्याचं काज तिच्या हातून जायचं. कुणाचा एक, कुणाचे दोन, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. आणि ती मला जिंकू देत होती. चालायला शिकलेल्या पोराला आपण शर्यतीत पुढे जाऊ देतो, तसं. ते पोर टाळ्या पिटतं आणि आपण त्याच्या डोक्यावरून हात फिरवतो.

मला कुणी टोचून बोललेलं चालतं. मी दुप्पट बोलते. पण माझी कीव मी माझ्या नवऱ्यालासुद्धा करू दिली नाही, तर हिला कशी करू देऊ?

शनिवारी यादी आली. एका घरमालकिणीचा खून. तिचे दोन. स्वयंपाकीण एक, व्हायोलिनचे मास्तर एक, पुतण्याचं पिवळं जाकीट, दोन. यादी मी डब्यात घातली आणि किल्ली कनवटीला लावली. थोरल्याला म्हटलं, "स्वयंपाकिणीचा झगा दोनदा शीव. पिवळी जाकिटंही दोन, पण दुसरं माझ्याकडे आणून दे. सुईला बोलायचं नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. मठ्ठ असला तरी माझाच आहे. "ती गेली तर काजं कोण करणार?" मी विचारलं. त्याने पाय मशीनवर ठेवला आणि शिवायला लागला.

सुईच्या टेबलावर गेले स्वयंपाकिणीचे दोन झगे आणि पुतण्याचं एक जाकीट. ती मोजत नव्हती, असं दाखवत होती. पण दुसरा झगा हातात घेतला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बघितलं. चार दिवस ती गुणगुणत काम करत होती. सुनेला म्हणाली, "वहिनी, माझं कपाट तुम्हाला घ्या. मला नाही लागणार." मी ऐकलं आणि कात्रीला तेल देत बसले.

दुसऱ्या जाकिटाची काजं मी केली. मंगळवारी दुपारी तिला धाग्यांची रिळं आणायला लांबच्या बाजारात पाठवलं, मुद्दाम न मिळणारा रंग सांगून. सहा काजं. एके काळी माझी काजं बघायला शिंपी यायचे. बोटं दुखली, पण झाली. खिडकीशी धरून बघितली, छान वाटली. म्हटलं, कोण ओळखणार आहे? बुधवारी कपडे गेले. स्वयंपाकिणीचा दुसरा झगा मी माझ्या पेटीच्या तळाशी टाकला.

मधला आठवडा गेला आणि ठरलेला गुरुवार उजाडला. चष्मेवाला सातलाच येऊन बसला, कारण सुनेने त्याला पैजेचं सांगून टाकलं होतं. "सुईताई, गेलात तर आम्हाला कोण हसणार?" तो म्हणाला.

"तुम्ही नाव लिहिलंत की आई हसेलच," सुई म्हणाली.

खून मजेदार होता. ती घरमालकीण घरात कुणी शीळ घातली की त्याचं जेवण बंद करायची. सकाळी ती कपाटात मेलेली सापडली, आणि तिच्या मुठीत चावलेला साबण. पोलीस चक्रावले. दातवाल्याने साबण हुंगला, गोगलगायीला दाखवला आणि म्हणाला, "हा अंधारात कुणीतरी लोणी समजून खाल्लाय." म्हणजे उपाशी ठेवलेला माणूस. स्वयंपाकीण रडली. मास्तरांनी व्हायोलिन लपवलं. पुतण्या पिवळं जाकीट घालून तळ्यातल्या माशांना दाणे टाकत होता.

जाहिराती लागल्या. सगळ्यांनी खडू घेतले. सुईने हाताने आडोसासुद्धा केला नाही. ठसठशीत लिहिलं, "स्वयंपाकीण." मग खडू खाली ठेवला, हात पुसले आणि माझ्याकडे बघून हसली. लहानपणी हसायची तसं. आई, आता मला हरता येणार नाही, माफ कर, असं काहीतरी त्यात होतं.

मी लिहिलं, "पुतण्या."

तिने ते वाचलं. तिचं हसू लगेच गेलं नाही. ते कुठे जावं हे त्याला कळेना, असं थोडा वेळ तोंडावर राहिलं.

जाहिराती संपल्या. दातवाला स्वयंपाकिणीला म्हणाला, "आ करा." मग मास्तरांना. मग पुतण्याकडे वळला आणि पुतण्या पळाला. धप्पकन तळ्यात. दातवाल्याने त्याला गळ्याशी धरून वर ओढलं, "आता तरी आ करा" म्हणाला आणि कॅमेरा जवळ गेला. अख्ख्या टीव्हीभर त्याचं तोंड. पुढचा दात तुटका, साबणावरच्या खुणेसारखा. आणि हनुवटीच्या खाली जाकिटाचं पहिलं काज, बशीएवढं मोठं.

माझंच होतं ते. टाके एक लांब, एक आखूड. कड उसवल्यासारखी. खिडकीशी मला छान दिसलं होतं.

"आजी!" चष्मेवाला ओरडला. "त्या दातवाल्याने तुमच्याकडे शिकवणी लावावी!"

सून टाळ्या वाजवत होती. थोरला टेबलाखाली काहीतरी पडलंय असं बघत होता. सुई टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

"हे माझं काज नाही," ती म्हणाली.

"चहा टाक," मी सुनेला म्हटलं.

"आई, तू शेवटचा टाका उलटा घेतेस. तुझ्याशिवाय कुणी घेत नाही."

"हरलीस ना?"

"दुसऱ्या झग्याचं काय केलंस?"

"हरलीस की नाही तेवढं सांग."

चष्मेवाला एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं मालिकेवरच बोलतोय. "दुसरा झगा कुठे होता?" त्याने विचारलं. मी त्याला दुकान बंद व्हायची वेळ झाली म्हणून सांगितलं.

तो गेल्यावर मी बोलले. "तीन वर्षं तू मला जिंकायला देत होतीस. मी मागितलं होतं?"

"तुला आवडायचं म्हणून, आई."

"दया दाखवत होतीस."

"नाही गं. गुरुवारी तू खूश असायचीस. एवढंच. आणि एकदा जरी म्हणाली असतीस ना, सुई, मला तुझ्याशिवाय जमत नाही, राहा, तर मी राहिले असते."

"पोटच्या पोरीपुढे मी हात पसरत नाही," मी म्हटलं. "टेबल पूस."

तिने टेबल पुसलं. सगळ्यांची नावं पुसली, स्वतःचं शेवटी.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण शुक्रवारी सकाळी कपडेपटवाले आले. तोंड उतरलेलं. टेबलावर पिवळं जाकीट टाकलं, पाण्याने आकसलेलं.

"मावशी, चित्रीकरणाला मी नव्हतो. काल टीव्हीवर बघितलं आणि मला घाम फुटला. पहिलं जाकीट उत्तम, आणि हे? दिग्दर्शक सगळ्यांसमोर बोलले मला. ही काजं कुणी केली?"

सुई आतल्या दारात इस्त्री घेऊन उभी होती. मला ती दिसत होती आणि मी तिला.

मी माझं नाव सांगू शकत होते. म्हातारीचा हात आहे, चुकला, असं म्हटलं असतं तर ते हसून सोडून देते. पण मग गल्लीत काय, त्यांच्या कचेरीतसुद्धा झालं असतं, की मावशी संपल्या. आणि त्यांनी लगेच विचारलं असतं, मग सुईताई येताहेत ना?

"आमच्याकडे काजं कोण करतं हे तुम्हाला ठाऊक आहे," मी म्हटलं.

"सुईताईंनी? हे?"

"तिचं असंच असतं हो. पहिल्याला मन लावते, दुसऱ्याला कंटाळते. मी पाठीशी उभी असते म्हणून निभतं. आईने हे बोलू नये, पण तुम्ही विश्वासाने माणूस मागितलंत, तर मी फसवू कशी?"

ते दाराकडे वळले. "सुईताई, खरंच तुमचं आहे हे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटत होतं मी बोलेन. इस्त्रीची वाफ तिच्या तोंडावर येत होती आणि ती बाजूला होत नव्हती. मी जाकिटाची घडी घातली.

"आई म्हणते म्हणजे माझंच," ती म्हणाली.

"मग नव्या मालिकेचं..." त्यांनी मान हलवली. "बघू पुढे कधी." पुढची यादी देऊन गेले.

मी जिंकले होते. सुई राहिली. रडली नाही, जेवण टाकलं नाही, भावाशी भांडली नाही. सोमवारी वेळेवर येऊन टेबलाशी बसली, अंगुस्तान बोटात घातलं. मी मनात म्हटलं, सरळ झाली.

मंगळवारी कपडे तपासायला घेतले. पहिल्या सदऱ्याची काजं बघितली आणि हात थांबला. टाके एक लांब, एक आखूड. कड उसवल्यासारखी. शेवटचा टाका उलटा. दुसऱ्या सदऱ्याचीही तशीच. सगळ्या कपड्यांची. माझी काजं, हुबेहूब. माझी बोटं दुखतात म्हणून ती तशी होतात, हिच्या बोटांना काय झालंय?

"हे काय आहे?" मी विचारलं.

"काजं."

"उसव आणि पुन्हा कर."

तिने उसवली. पुन्हा केली. तशीच झाली, तेवढीच वाकडी, टाक्याला टाका.

"सुई, चेष्टा पुरे."

"माझा हात असाच आहे, आई. तू सांगितलंस त्यांना. तुझ्या शब्दाबाहेर मी कधी गेलेय?"

मी ओरडले. थोरल्याने विनवलं. सून कपाट परत देते म्हणाली. सुई ऐकून घेते आणि काज करते. पहिल्या महिन्यात बायकांचे कपडे दुसरीकडे गेले. मग पोलिसांचे गणवेश. दातवाल्याचा कोट शेवटपर्यंत आमच्याकडे होता, तोही परवा नेला. कपडेपटवाल्यांनी स्वतः येऊन सांगितलं नाही, माणूस पाठवला. गुरुवारी आम्ही टीव्ही लावत नाही. चष्मेवाला दाराशी येतो, अंधार बघतो आणि जातो.

काल मी एक कोरा तुकडा घेतला, दुहेरी घडी घातली आणि तिच्यापुढे ठेवला. "कुणाला द्यायचं नाही," मी म्हटलं. "मला बघायचंय फक्त. एक काज कर, पूर्वीसारखं."

तिने खिडकीजवळ खुर्ची ओढली. धागा ओवला. अर्धा तास लावला तिने, श्वास रोखून, एकेक टाका मोजून. एवढं मन लावून तिला काम करताना मी कधी बघितलं नव्हतं. तसं वाकडं काज सहज होतच नाही. शेवटचा टाका तिने उलटा घेतला, धागा तोडला आणि तुकडा माझ्या हातात दिला.

"बघ," म्हणाली. "जमलंय का तुझ्यासारखं?"